माहूरचा किल्ला : पैनगंगेच्या काठावरील एक सीमादुर्ग

नांदेडहून मुदखेड व हिमायतनगर यांच्या मार्गाने किनवटकडे जाणाऱ्या प्रवाशाला हिमायतनगरपुढे भूमीचे रूप पालटत असल्याचे सहज जाणवते. परमेश्वराच्या देवस्थानामुळे ख्याती पावलेले हे गाव पूर्वी वाढोणा या नावाने ओळखले जाई. येथवर काळ्या जमिनीची, दाट वस्तीची, जुन्या महसुली परगण्यांची भूमी पसरलेली आहे. पुढे इस्लापूर व सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून डोंगर जवळ येऊ लागतात, सागाचे रान सुरू होते आणि उत्तरेच्या बाजूने पैनगंगा वळणे घेत सोबत करू लागते. याच नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या डोंगराळ प्रदेशात माहूरचा किल्ला उभा आहे. नदीपलीकडे वऱ्हाड, पूर्वेस गोंडवन, दक्षिणेस तेलंगण आणि पश्चिमेस मराठवाड्याचे पठार, अशा चार प्रदेशांच्या संधीवर तो असल्याने त्याच्या इतिहासाला एक स्वतंत्र वळण लागले.

माहूरचे नाव आज महाराष्ट्राला परिचित आहे ते रेणुकामातेचे पीठ आणि दत्तात्रेयाचे स्थान म्हणून. लगतच्या दोन टेकड्यांवर पसरलेल्या किल्ल्याकडे यात्रेकरूंपैकी थोडेच वळतात. इतिहासलेखकांनीही त्याची उपेक्षाच केली आहे. बहामनी राज्याच्या इतिहासात माहूरचे नाव पुनःपुन्हा येते खरे. पण ते एखाद्या सुलतानाने काबीज केलेल्या स्थळांच्या यादीत येते आणि पुढच्याच वाक्यात मागे पडते. किल्ला कोणी घेतला हे सांगून झाले की त्याचा इतिहास संपला, अशीच समजूत या लेखनामागे दिसते. परंतु सीमेवरचा किल्ला घेणे ही एका दिवसाची घटना असते. तो राखणे हा खरा प्रश्न असतो. माहूर कोणी घेतला यापेक्षा तो कोणाच्या द्वारे राखला गेला, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. त्या दृष्टीने पाहता या किल्ल्याचा इतिहास सुलतानांपेक्षा मुकद्दम, तर्फदार, देशमुख अशा मधल्या माणसांचा इतिहास ठरतो.

बहामनीपूर्व काळाविषयी बोलताना संयम आवश्यक आहे. माहूर येथील पांडवलेणी या नावाने ओळखली जाणारी कोरीव लेणी राष्ट्रकूटकालीन मानली जातात. म्हणजे स्थळ प्राचीन आहे. पण लेणी आहेत म्हणून किल्लाही त्याच काळातला, असे अनुमान काढता येत नाही. यादवांची सत्ता या टोकापर्यंत पोचली होती, याला मात्र पुरावा आहे. किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे, उष्णोदकाच्या कुंडाजवळ, यादव रामचंद्राच्या कारकिर्दीतील मराठी शिलालेख आहे. मराठी भाषेचा राजव्यवहार तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पैनगंगेच्या रानापर्यंत आला होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

याच काळातील माहूरचे दुसरे दर्शन महानुभाव वाङ्मयात घडते. फलटणचे चांगदेव राऊळ माहूरच्या डोंगरावर आले आणि तेथे वाघाच्या रूपातील दत्तात्रेयप्रभूंपासून त्यांनी शक्ती स्वीकारली, ही कथा त्या संप्रदायाच्या परंपरेत मूलभूत आहे. महानुभावांच्या साती ग्रंथांपैकी रवळोव्यासाचे ‘सह्याद्रिवर्णन’ हे काव्य याच स्थळाचे माहात्म्य सांगते. येथे ‘सह्याद्री’ म्हणजे पश्चिम घाट नव्हे, माहूरचाच डोंगर होय. ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने काही वाचकांचा घोटाळा झाला आहे. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की या वर्णनांत माहूर येते ते तपस्व्यांचे व श्वापदांचे रान म्हणून. राजधानी वा लष्करी ठाणे म्हणून त्याची आठवण या परंपरेने जपलेली नाही. यावरून किल्ला नव्हताच असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण माहात्म्यकाराला तटबंदीशी कर्तव्य नसते. तथापि यादवांच्या काळी माहूर हे प्रथम तीर्थ होते आणि असलेच तर मागाहून ठाणे होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

इ. स. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले आणि चित्र बदलले. अल्लाउद्दीन हसन याने राज्याची वाटणी केली तेव्हा माहूर, रामगीर आणि वऱ्हाडाचा आपल्या ताब्यातील भाग सफदरखान सीस्तानी याच्याकडे सोपविला, असे फिरिश्ता सांगतो. रामगीर तेलंगणाच्या दिशेला आहे. त्यामुळे ‘माहूर ते रामगीर’ ही जोडी प्रांताची पूर्वेकडील कड दाखविते. कागदावर ही सीमा निश्चित झाली; जमिनीवर ती कितपत होती, हे पुढील पन्नास वर्षांच्या वृत्तान्तावरून दिसते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान फिरोजशाह दक्षिणेकडे विजयनगरशी झुंजण्यात गुंतला असता, सातपुड्यातील खेर्ल्याच्या नरसिंगरायाने वऱ्हाडावर स्वारी केली आणि माहूरपर्यंतचा मुलूख लुटला. इ. स. १३९९ च्या सुमारास फिरोजशाह उत्तरेकडे निघाला तो प्रथम माहूरला आला. फिरिश्त्याच्या कथनानुसार, तेथील मुकद्दम खेर्ल्याच्या पक्षाला मिळाला होता. सुलतान जवळ येताच त्याने नजराणा देऊन शरणागती पत्करली. सुलतानाने महिनाभर तेथे मुक्काम केला आणि मग खेर्ल्याकडे कूच केले.

या प्रसंगातील ‘मुकद्दम’ या शब्दावर थोडे थांबणे जरूर आहे. माहूरवर या वेळी ‘गोंड राजा’ राज्य करीत होता, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. या विधानाला आधार दुबळा आहे. फारसी इतिहासकार ‘गोंडवाना’ हा शब्द प्रदेशवाचक म्हणून वापरतात. त्या प्रदेशातील प्रत्येक सत्ताधारी गोंड होता, असे त्यातून निष्पन्न होत नाही. आईन-इ-अकबरीत चांद्याच्या बाबजी या जमीनदाराला अबुल फज्ल स्पष्टपणे गोंड म्हणतो. तेथे संदेहाला जागा नाही. फिरिश्त्याचा माहूरचा माणूस मात्र ‘मुकद्दम’ आहे, म्हणजे गावचा वा परगण्याचा महसूल गोळा करून वरच्या सत्तेला पोचविणारा वतनदार. ही सत्ता कोणती, हे मात्र बदलत राही. आसपासच्या रानात गोंडांची वस्ती होती व आजही आहे. किनवट व आदिलाबादकडील राजगोंडांच्या समाजजीवनाचे फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णन आणि मूळचे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादेतील सेवाकाळात केलेला गोंडांचा अभ्यास, हे दोन्ही या संदर्भात उपयुक्त आहेत. पण किल्ल्याचा धनी आणि रानातला रहिवासी यांना एकच मानण्याची घाई कशासाठी करावयाची? माहूरचा मुकद्दम गोंड असेल, मराठा असेल, तेलंगी असेल. त्याच्या जातीपेक्षा त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. तो दोन सत्तांच्या मध्ये उभा होता आणि जी सत्ता प्रत्यक्ष दारात येईल तिला कर देत होता.

फिरोजशाहाने ही स्थिती मान्य केली. त्याने मुकद्दमाला उखडले नाही. त्याचा भाऊ अहमदशाह याने मात्र निराळा मार्ग धरला, आणि माहूरच्या इतिहासातील सर्वांत भयंकर प्रकरण घडले. अहमदशाहाची कारकीर्द इ. स. १४२२ ते १४३६. विजयनगर व वरंगळ यांच्याविरुद्धच्या मोहिमा आटोपल्यावर १४२५ च्या सुमारास तो माहूरवर चालून आला, कारण तेथील जमीनदाराने किल्ला बळकावून स्वातंत्र्य पुकारले होते. फिरिश्ता सांगतो की किल्ला अभयवचनावर स्वाधीन झाला. परंतु सुलतानाने वचन मोडून त्या जमीनदाराला त्याच्या पाचसहा हजार अनुयायांसह ठार मारविले. तेथून पुढे जाऊन त्याने हिऱ्यांच्या खाणीसह कळंब घेतले आणि मग एलिचपूर येथे वर्षभर राहून गाविलगड बांधविला व नरनाळ्याची दुरुस्ती केली.

या वृत्तान्ताची छाननी करणे प्राप्त आहे. फिरिश्त्याने आपला ग्रंथ विजापूर येथे सतराव्या शतकाच्या आरंभी पुरा केला. म्हणजे घटना व लेखन यांत सुमारे पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. पाचसहा हजार ही संख्या मोघम असून अशा संख्या त्याच्या ग्रंथात अनेक ठिकाणी येतात. तिच्यावर विसंबता येणार नाही. कळंबच्या हिऱ्यांचेही तसेच. यवतमाळकडील कळंबला हिऱ्यांची खाण असल्याचे अन्यत्र आढळत नाही. आईन-इ-अकबरीत खाणीचा उल्लेख आहे तो वैरागडच्या संदर्भात, चांद्याच्या पूर्वेस. फिरिश्त्याने वा त्याच्या आधारग्रंथाने दोन स्थळांची सरमिसळ केली असावी. मग वचनभंगाची कथा तरी का स्वीकारावी? तिचे कारण लेखकाच्या वृत्तीत आहे. अहमदशाहाला दक्षिणेत ‘वली’ म्हणत. त्याच्या प्रार्थनेने दुष्काळात पाऊस पडला, ही कथा फिरिश्त्यानेच आदराने नोंदविली आहे. ज्या सुलतानाला साधुपुरुष म्हणून रंगवावयाचे, त्याच्या माथी दिलेले वचन मोडल्याचा डाग विनाकारण लावण्याचे प्रयोजन त्याला नव्हते. लेखकाच्या कलाविरुद्ध जाणारी साक्ष सामान्यतः विश्वसनीय मानावी, हा नियम येथे लागू होतो. संख्या सोडून द्यावी, घटना मान्य करावी.

तिचा अर्थ केवळ क्रौर्य या शब्दाने संपत नाही. अहमदशाहाच्या या स्वारीत माहूर, कळंब, गाविलगड आणि नरनाळा ही स्थळे ओळीने येतात. गाविलगड व नरनाळा हे सातपुड्याच्या कडेवरील किल्ले माळवा व खेर्ला यांच्याविरुद्ध. माहूर गोंडवनाच्या तोंडावर. वऱ्हाडाच्या उत्तर व पूर्व सीमा गढीबंद करण्याची ही योजना होती. अशा योजनेत दोहोंकडे कर देणारा मुकद्दम बसत नाही. फिरोजशाहाला माहूरचा कर हवा होता. अहमदशाहाला माहूरचा किल्ला हवा होता. फरक एवढाच, पण त्यापायी माहूरचे जुने वतनदार घराणे इतिहासातून पुसले गेले. त्याचे नावही उरलेले नाही.

नव्या व्यवस्थेची परीक्षा तीस वर्षांनी झाली. अल्लाउद्दीन दुसरा याच्या काळात सिकंदरखान या सरदाराने बंड केले आणि माळव्याच्या महमूद खल्जीला पाचारण केले. इ. स. १४५५-५६ च्या सुमारास खल्जीचे सैन्य माहूरपाशी येऊन ठेपले. सुलतान आजारी असूनही चालून आल्याचे कळताच माळव्याचा सुलतान परतला. किल्ला या वेळी टिकला. मांडूहून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यालाही माहूर हेच लक्ष्य वाटावे, यातच त्याला आलेले महत्त्व दिसते.

या महत्त्वाचा कळस झाला तो महमूद गावान याच्या राज्यव्यवस्थेत. राज्याच्या जुन्या चार तर्फा अवाढव्य झाल्या होत्या आणि त्यांचे अधिकारी राजांसारखे वागू लागले होते. गावानाने प्रत्येक तर्फेचे दोन भाग केले. वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन विभाग होऊन गाविल फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्याकडे आणि माहूर खुदावंदखान हबशी याच्याकडे आले. माहूर प्रथमच एका प्रांताचे मुख्य ठाणे झाले. तथापि या सुधारणेचे मर्म दुसऱ्या कलमात होते. यापुढे प्रत्येक तर्फदाराच्या हाती एकच किल्ला राहावा, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार असावेत आणि त्यांचा पगार राजधानीतून मिळावा, असा नियम झाला. खुदावंदखानाला माहूर मिळाला, पण माहूरपुरताच. सीमेवरच्या अधिकाऱ्याला बळ तर द्यावयाचे, पण ते केंद्रावर उलटणार नाही इतकेच द्यावयाचे, हा गावानाचा हेतू होता. मध्ययुगीन दक्षिणेत राज्यकारभाराचा इतका सुसंगत विचार क्वचितच झाला असेल.

त्याचे फळ त्याला मिळाले ते असे की इ. स. १४८१ च्या एप्रिलात बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर फतहुल्ला आणि खुदावंदखान हे वऱ्हाडचे दोन्ही तर्फदार सुलतानाच्या छावणीपासून दूर तळ देऊन राहिले, ही फिरिश्त्याने नोंदविलेली बाब बोलकी आहे. गावानासारख्याची ही गत झाली तर आपली काय, हा त्यांचा प्रश्न होता. दहाच वर्षांत फतहुल्लाने एलिचपूर येथे इमादशाही स्थापिली. खुदावंदखान मात्र राजा होऊ शकला नाही. त्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. माहूरच्या तर्फेत रान पुष्कळ आणि महसुली जमीन थोडी. शिवाय बीदर, एलिचपूर व अहमदनगर या तिन्ही सत्तांच्या माऱ्यात ती सापडलेली. डोंगर आणि तट यांच्या बळावर स्वतंत्र राहता येते; राज्य चालविण्यास पीक देणारी भूमी लागते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. इ. स. १५१७ मध्ये अमीर बरीदाने बीदरच्या नामधारी सुलतानासह माहूरवर स्वारी केली. तीत खुदावंदखान मारला गेला. त्याच्या घराण्याला इमादशाहाने आश्रय देऊन माहूर आपल्या छत्राखाली घेतला. १५२७ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने पाथरीबरोबर माहूरही जिंकला. १५७४ मध्ये मूर्तजा निजामशाहाने सगळी इमादशाहीच बुडविली आणि १५९६ मध्ये चांदबीबीला वऱ्हाड मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. ऐंशी वर्षांत किल्ल्याने पाच धनी पाहिले. याच अस्थिर शतकात बीदरच्या दरबारी जाचातून सुटलेले दासोपंत माहूरला येऊन बारा वर्षे दत्तोपासनेत राहिले, अशी संप्रदायाची परंपरा आहे. किल्ल्याची मालकी बदलत असता तीर्थाचा ओघ अखंड राहिला, याचे हे एक उदाहरण.

मोगलांनी माहूरला वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे केले. अबुल फज्ल किल्ल्याच्या बळकटपणाची वाखाणणी करतो आणि त्याच्या लगत असलेल्या देवीच्या मंदिराचीही नोंद घेतो. परंतु मोगल अमदानीत सीमा दक्षिणेकडे सरकत गेली. १६३१ मध्ये कंधार पडला. १६३६ मध्ये उदगीर व औसा मोगलांच्या हाती आले. कंधार, उदगीर, औसा हे सगळे मराठवाड्याच्या पठारावरील किल्ले. खंदक, दुहेरी तट व मोठ्या तोफा हे त्यांचे बळ. ज्या युद्धात आता निर्णय होत होता ते या पठारावरचे युद्ध होते. माहूर मागे, सुभ्याच्या पोटात राहिला. सीमा निघून गेली की सीमादुर्गाचे काय होते, याचे उत्तर माहूरच्या सतराव्या शतकातील इतिहासात सापडते: किल्ला दुय्यम होतो आणि त्याच्या भोवतीचा देशमुख मुख्य होतो.

हा देशमुख म्हणजे उदाराम, फारसी ग्रंथांतील ‘उदाजीराम’. माहूर–वाशीम भागातील हा ब्राह्मण सरदार प्रथम निजामशाहीत मलिक अंबरच्या पदरी होता. जहांगीरच्या काळात तो मोगलांना मिळाला व मोठ्या मनसबीला चढला. मआसिर-उल्-उमरा या ग्रंथात त्याचे स्वतंत्र चरित्र आहे, हा मान सगळ्यांच्या वाट्याला आलेला नाही. त्याचे खरे वजन एका प्रसंगाने कळते. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याने बापाविरुद्ध बंड केले आणि १६२३ मध्ये पराभूत होऊन बुऱ्हाणपूरहून तो दक्षिणेकडे निसटला. तापी ओलांडून तो माहूरला आला. जड सामान व हत्ती त्याने माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले आणि कुतुबशाही मुलुखातून ओरिसाची वाट धरली. पाठलागावर बादशाही फौज असता भावी बादशहाने आपली मत्ता ठेवावयास हा किल्ला निवडला. तटाच्या भरवशावर, असे वाटेल. पण तट तर उत्तरेत अनेक होते. भरवसा होता तो त्या भागातील गावे, वाटा आणि माणसे ज्याच्या शब्दात होती त्या देशमुखाचा. पूर्वी मुकद्दमाला जे करता येत नव्हते ते उदारामाला साधले. दोन सत्तांच्या मध्ये उभे राहून त्याने आपले स्थान गमावले तर नाहीच, उलट वाढविले.

दौलताबादच्या वेढ्याच्या सुमारास, १६३२-३३ मध्ये, उदाराम वारला. त्याच्या घराण्याची धुरा पुढे सावित्रीबाई या स्त्रीने सांभाळली. बंडखोरांशी लढून तिने जहागीर राखली म्हणून तिला ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, असा किताब मिळाला, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. तिचे नाव मराठ्यांच्या इतिहासात आले ते उंबरखिंडीमुळे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोगल फौज कोकणात उतरताना शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत कोंडले. या फौजेत रायबागन होती. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात तिचे वर्णन आहे. पाणी तुटलेल्या, हवा न मिळणाऱ्या त्या रानात खानाला शरण जाण्याचा सल्ला तिने दिला आणि त्यामुळे फौज वाचली. या प्रसंगाचे वर्णन करताना काही लेखक तिला ‘शत्रुपक्षातील स्त्री’ म्हणून ओझरते उल्लेखून पुढे जातात. माहूरच्या बाजूने पाहिले तर तिच्या सल्ल्यात निराळेच काही दिसते. रानात वाट अडली असता सैन्याची संख्या कामास येत नाही, हे खानाला ठाऊक नव्हते. पैनगंगेच्या खोऱ्यात वाढलेल्या देशमुखिणीला ते कोणी शिकवावयास नको होते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर या भागाचा इतिहास गुंतागुंतीचा असला तरी किल्ल्यापुरता तो रिकामा आहे. १ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारीजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेचे सुभे आपल्या हाती घेतले. त्यानंतर वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअंमल चालला. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. या सगळ्या घडामोडींत माहूरला वेढा पडल्याचे ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या टापूत लढाई झाली ती माहूरला नव्हे, तर हटकर नाईक नौसाजी याच्या नोव्हा येथील गढीवर. १८१९ च्या जानेवारीत हैदराबादच्या इंग्रजी अंमलाखालील पलटणींनी ती वेढा घालून घेतली. मोठा गिरिदुर्ग ओस आणि मातीची गढी लढती, हे दृश्य त्या काळाचे सत्य सांगते. सत्ता केव्हाच गढीवाल्या नाईक-देशमुखांकडे उतरली होती.

आणि मग, दोनअडीचशे वर्षांनी, सीमा परत आली. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे लावून दिले. धाराशीव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले; वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने गेले आणि पुढील वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले. परिणामी पैनगंगा ही निजामी मुलूख आणि इंग्रजी अंमल यांच्यातील सीमा झाली. उत्तर तीरावरील उमरखेड एका राज्यात आणि दक्षिण तीरावरील हदगाव, वाढोणा, माहूर दुसऱ्या राज्यात. दोन्ही काठांवर बोली तीच, सोयरीक तीच, देवीही तीच. पण न्यायालये, शाळांतील भाषा आणि जमीन-महसुलाची पद्धती या भिन्न झाल्या. उत्तरेस रयतेच्या सर्वेक्षणाची कागदपत्रे मराठी व इंग्रजीत, दक्षिणेस सरकारी व्यवहार प्रथम फारसीत व मागाहून उर्दूत. अहमदशाहाने माणसे मारून जी सीमा निश्चित करू पाहिली, ती या वेळी एका लेखणीने निश्चित झाली. अशा सीमेला नाके लागतात, किल्ला लागत नाही. माहूरच्या तटाची दुरुस्ती करण्याचे कारण या शंभर वर्षांत कोणालाच नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राज्य संपले. तेव्हा माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात आले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. किनवटबरोबर आलेला राजुरा तालुका १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याकडे गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस माहूर व हिमायतनगर हे स्वतंत्र तालुके झाले. पैनगंगा राज्यांची सीमा राहिली नाही; नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांची, पर्यायाने मराठवाडा व विदर्भ यांची, आजही आहे. आणि किनवटच्या पलीकडची आंध्राची सीमा २०१४ पासून तेलंगणाची झाली आहे.

या फेरबदलांचा संशोधनावर झालेला परिणाम लहान नाही. माहूरची जुनी सरकारी कागदपत्रे हैदराबादच्या दप्तरखान्यात व आदिलाबादच्या जिल्हा कचेरीत. नदीपलीकडच्या परगण्यांची नागपूर व अमरावतीकडे. देवस्थानांच्या सनदा पुजारी व महंत घराण्यांत. महानुभाव पोथ्यांचा संग्रह आणखी वेगळा. फारसी, उर्दू, मोडी आणि महानुभावांची सांकेतिक लिपी या चारही वाटांनी जाणारा अभ्यासक मिळेपर्यंत उदारामाच्या घराण्याची वंशावळ आणि सरकार माहूरच्या परगण्यांचा नकाशा या दोन गोष्टी सिद्ध होणे कठीण आहे. त्यांतही प्रथम हाती घ्यावयाची ती वंशावळ; कारण रायबागन ही उदारामाची पत्नी की सून, याविषयी छापील ग्रंथांतही एकवाक्यता नाही.

किल्ल्याचे अवशेष आज जे दिसतात ते बहुतांशी बहामनी व तदुत्तर काळातील. उत्तर व दक्षिण अशा दोन मोठ्या दरवाजांपैकी उत्तरेकडचा बऱ्या स्थितीत आहे. आत पडका महाल, मशीद, कोठारे आणि मध्यभागी मोठा तलाव. एवढ्या उंचीवर पाण्याचा हा साठा नसता तर पाच धन्यांपैकी एकालाही किल्ला वर्षभर राखता आला नसता. तट डोंगराच्या धारेने जातो आणि जेथे कडा सरळ तुटलेला आहे तेथे तो घालण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. पावसाळ्यानंतर वाढणारे गवत व झुडपे दगडांच्या सांध्यांत शिरून तट उकलत आहेत. समोरच्या डोंगरावर नवरात्रात रेणुकेच्या दर्शनाला लोक येतात. त्यांपैकी पुष्कळजण पैनगंगा ओलांडून विदर्भातून आलेले असतात.